काढा, चूर्ण आणि रोजची गोळी: एकत्र घेण्याआधी काय तपासायचं

"ताई, हे आयुर्वेदिकच आहे, चालेल ना?" असं म्हणत लोक औषधांच्या दुकानात पुडी पुढे करतात. मी पुडी बाजूला ठेवते आणि विचारते, "रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?" बऱ्याच जणांना हे विषयांतर वाटतं. पण चालेल की नाही हे ठरतं ते पुडीपेक्षा गोळीवरून. तीच मेथी, तीच हळद एकाला काही करत नाही आणि दुसऱ्याला दवाखान्यात पोचवते, कारण दुसऱ्याची गोळी नाजूक असते.

बडोद्यात हा प्रश्न ऋतूप्रमाणे रूप बदलतो. चैत्रात कडुलिंबाचा मोहर आणि करियातूचा कडू रस, पावसाळ्यात गुळवेल-तुळशीचा काढा, थंडीत वसाणं: मेथीचे लाडू, गुंदरपाक, सुंठ-गंठोड्याची राब. दांडिया बाजारातल्या मराठी घरात आजीचा बटवा असतोच, त्यात शेजारच्या काकींच्या नुसख्यांची भर पडते. आणि गाव मात्र गोळ्या बनवणारं. अलेम्बिक या औषध कंपनीची सुरुवात इथे 1907 साली झाली, तिच्या संस्थापकांत प्राध्यापक कोटीभास्करही होते. दोन्ही परंपरा एकाच घरात सुखाने नांदतात. फक्त एकमेकींना सांगून नांदत नाहीत.

हा लेख त्यासाठीच आहे. यात 'आयुर्वेद बरा की ॲलोपॅथी' हा वाद नाही.

पहिली पायरी: सगळं एका कागदावर

एक कागद घ्या. त्यावर घरातल्या एकाच माणसाचं सगळं लिहा. गोळीचं नाव स्ट्रिपवर बघून लिहा. 'बीपीची पांढरी गोळी' असं लिहून कोणाला काही कळत नाही. कंपनीने दिलेल्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतात, ते महत्त्वाचे.

त्याखाली बाकीचं: चूर्ण, काढा, आसव-अरिष्ट, भस्म, ज्यूस, इसबगोल, च्यवनप्राश, 'इम्युनिटी'च्या कॅप्सुल, नातवाने ऑनलाइन मागवलेला हर्बल चहा. मुखवाससुद्धा लिहा, कारण गोड मुखवासात बऱ्याचदा ज्येष्ठमध असतं आणि दिवसातून चार-पाच चिमट्या तोंडात जातात. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: किती, किती वाजता, कधीपासून. शेवटची गोष्ट लोक हमखास गाळतात आणि डॉक्टरला तीच हवी असते. साखर एकाएकी खाली का आली याचं उत्तर पुष्कळदा 'कधीपासून'च्या रकान्यात सापडतं.

दुसरी पायरी: नाजूक गोळी आहे का ते बघा

काही औषधांमध्ये पुरेसा डोस आणि जास्त डोस यांतलं अंतर फार थोडं असतं. रक्तातलं प्रमाण जरा वर गेलं तर अपाय, जरा खाली आलं तर उपयोग नाही. तुमच्या कागदावर यातलं काही आहे का ते शोधा: रक्त गोठू न देणारी वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल, हृदयासाठी डिजॉक्सिन, फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, मनाच्या आजारासाठी लिथियम, दम्यासाठी थिओफिलिन, किडनी किंवा यकृत बदलल्यानंतरची टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन. यांच्या जोडीला मी इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या साखरेच्या गोळ्या धरते. कॅन्सरची किंवा क्षयाची औषधं चालू असतील तर तीही.

यातलं एकही नाव असेल तर नियम सोपा आहे: नवीन जडीबुटी विचारल्याशिवाय सुरू करायची नाही, कोणी कितीही खात्रीने सांगितली तरी. अवयव बदललेल्यांनी आणि कॅन्सरचे उपचार घेणाऱ्यांनी तर 'इम्युनिटी वाढवणारं' म्हणून विकलं जाणारं काहीच स्वतःहून घेऊ नये. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून डॉक्टर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. ती वाढवणारं काही घेणं म्हणजे त्यांच्या विरुद्ध बाजूने दोर ओढणं.

आणि ज्यांच्या कागदावर कधीमधी घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळीपलीकडे काही नाही, त्यांनी आल्याच्या चहाची धास्ती घेऊ नये.

तिसरी पायरी: गाठ कुठे पडते ते ओळखा

ही पायरी नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. "दोन तासांचं अंतर ठेवलं की झालं" हे वाक्य मी रोज ऐकते. ते एकाच प्रकाराला लागू पडतं. औषध आणि जडीबुटी यांची गाठ तीन ठिकाणी पडू शकते: पोटात, यकृतात, नाहीतर थेट परिणामात. अंतर ठेवून सुटते ती फक्त पोटातली.

*पोटात.* इसबगोल पाण्यात फुगून जेलीसारखं होतं आणि त्यात गोळी अडकली तर ती कमी शोषली जाते. म्हणून इतर औषधं आणि इसबगोल यांत किमान दोन तास ठेवा, इसबगोलावर भरपूर पाणी प्या. थायरॉइडच्या गोळीसाठी चार तास धरा. सकाळी उपाशीपोटी ती गोळी घेऊन लगेच इसबगोल घेणारे पुष्कळ आहेत. मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढलेलं दिसतं, डॉक्टर डोस वाढवतात आणि खरं कारण डब्यातच राहतं.

भस्मांचा हिशेबही इथलाच. शंख भस्म, प्रवाळ भस्म म्हणजे मुख्यतः कॅल्शियम. मंडूर, लोह भस्म, नवायस लोह म्हणजे लोह. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात, तसंच सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिक्सनाही. थायरॉइडची गोळी आणि ही भस्मं यांत चार तास. सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर ती भस्माच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. पाच दिवसांचा कोर्स असेल तर भस्मच पाच दिवस थांबवणं सोपं पडतं.

हरडे, सोनामुखी, त्रिफळा यांनी पोट जोरात साफ होत असेल तर गोळी शोषली जायच्या आधीच पुढे सरकते. शिवाय सततच्या रेचकाने शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, ते पुढे येईल.

*यकृतात.* पुष्कळशा औषधांची वासलात यकृतातली आणि आतड्यातली एन्झाइम्स लावतात. काही वनस्पती ही एन्झाइम्स मंदावतात, मग गोळी रक्तात साठत जाते. काही त्यांना चेव आणतात, मग गोळी लवकर संपते. हा परिणाम तासांचा नसतो, दिवसांचा असतो. सकाळी चूर्ण आणि रात्री गोळी घेतली म्हणून तो टळत नाही.

मिरी-पिंपळीतलं पायपरिन हे याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण. ते फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलिन यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. या गुणाचा उपयोगही झाला आहे: अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सने जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेबरोबर क्षयाची अशी गोळी काढली की तिच्यात 10 मिलिग्रॅम पायपरिन घालून रिफाम्पिसिन 450 ऐवजी 200 मिलिग्रॅमवर आणलं. कारखान्यात मोजून घातलं तर हा फायदा. पण फिटची गोळी चालू असणाऱ्याने सर्दीसाठी आठवडाभर चमचा-चमचा त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी) घेतलं तर तीच गोष्ट न मोजता घडते, आणि चक्कर येणं, तोल जाणं असं काही सुरू होतं.

उलट्या दिशेचं उदाहरण शंखपुष्पीचं. फेनिटॉइनवर असलेल्या रुग्णांच्या थांबलेल्या फिट्स शंखपुष्पीचं औषध सुरू केल्यावर परत आल्या, हे मुंबईतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी उंदरांवर प्रयोग केले तेव्हा फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण घटलेलं दिसलं. हे 1992 साली प्रसिद्ध झालं. परीक्षा जवळ आली की मुलांना 'स्मरणशक्तीसाठी' शंखपुष्पीचं सिरप देणाऱ्या आईवडिलांनी, मूल फिटच्या औषधावर असेल तर, हे जरूर लक्षात ठेवावं. गुग्गुळाच्या अर्काने प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम यांचं रक्तातलं प्रमाण कमी होतं, तेव्हा सांधेदुखीसाठी गुग्गुळ सुरू केल्यावर बीपी वाढलं तर नुसतं मिठाला दोष देऊ नका.

परदेशी चहा-कॅप्सुलमध्ये 'सेंट जॉन्स वर्ट' असं लिहिलेलं दिसलं तर ते कुठल्याही नाजूक गोळीबरोबर नकोच. 2000 साली झुरिकच्या डॉक्टरांनी कळवलं होतं की ही वनस्पती घेतल्यावर हृदय बदललेल्या दोन रुग्णांच्या रक्तातलं सायक्लोस्पोरिन घटलं आणि शरीर ते हृदय नाकारू लागलं.

*परिणामात.* ही तिसरी जागा. इथे औषध आणि वनस्पती एकमेकांना अडवत नाहीत, दोघं एकच काम करतात. आपल्या घरांत सगळ्यात जास्त घडतं ते हेच.

साखरेचं घ्या. कारलं, मेथी, गुडमार, जांभळाच्या बियांचं चूर्ण, विजयसार आणि गुजरातेत सर्रास मिळणारा मामेजवो. मामेजव्यावर इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रयोग झाले आहेत, साखर उतरवण्याचा गुण त्यात दिसला. म्हणजे 'याने काही होत नाही' असं मी म्हणत नाही. होतं, म्हणूनच जपायचं. 1979 साली 'लॅन्सेट'मध्ये एक नोंद आली होती: मधुमेहाची क्लोरप्रोपामाइड ही गोळी घेणाऱ्या एका बाईची साखर जेवणातल्या कारल्यामुळे अपेक्षेपेक्षा खाली येत होती. नुसत्या मेटफॉर्मिनवर असाल तर साखर धोक्याच्या खाली जाण्याची शक्यता कमी. पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनच्या जोडीला सकाळी बागेबाहेर कारल्याचा किंवा करियातूचा ग्लास घेऊन, नाश्ता न करता चार फेऱ्या मारल्या तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बीपीसाठी प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवेलच असं नाही, घाम तेवढा येईल. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.

ज्येष्ठमधाचा मार्ग वेगळा. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी अडवतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. बीपी वाढतं. पाणी काढणाऱ्या गोळ्या, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा फ्युरोसेमाइड, पोटॅशियम घालवतातच. दोन्ही मिळून ते आणखी घटतं. त्यात डिजॉक्सिन चालू असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. युरोपात ग्लिसिरायझिनची दिवसाची मर्यादा 100 मिलिग्रॅम सुचवली आहे. घसा बसला म्हणून दोन दिवस ज्येष्ठमधाची कांडी चघळली, त्याचं काही नाही. ॲसिडिटीसाठी महिनोनमहिने चमचाभर यष्टिमधु चूर्ण, त्यावर बीपीची गोळी, आणि बीपी काही केल्या उतरत नाही: अशांना मी आधी चूर्ण बंद करून डॉक्टरांना भेटायला सांगते. रेचकाची रोजची सवय याच खड्ड्यात भर घालते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असणाऱ्यांनी लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सुल, आल्याचा अर्क, गिंको यांपासून लांब राहावं. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने 2018 साली इशारा दिला होता: वॉरफरिनवर असलेल्या एका रुग्णाचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, हळदीचं उत्पादन सुरू केल्यावर 10 च्या वर गेला. बहुतेकांचा तो 2 ते 3 मध्ये ठेवायचा असतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल जोडीने चालू असलेल्यांनाही हे लागू आहे.

अश्वगंधा झोपेच्या गोळ्यांची गुंगी वाढवते. म्हाताऱ्या माणसांत रात्री पडणं, खुब्याचं हाड मोडणं इथपर्यंत गोष्ट जाते. ती थायरॉइडची पातळीही वाढवू शकते, म्हणून लेव्होथायरॉक्सिनवर असताना धडधड, वजन उतरणं, हात कापणं दिसलं तर टीएसएच करा. अश्वगंधा आणि गुळवेल दोन्हींमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीबद्दलच्या नोंदी कोविडच्या काळात मुंबईतूनच आल्या. आयुष मंत्रालयाने गुळवेलीबद्दलच्या निष्कर्षाला हरकत घेतली होती, हेही खरं. माझं मत विचाराल तर क्षयाची औषधं चालू असताना या दोन्ही टाळा. त्या औषधांचाच यकृतावर ताण असतो, आणि काही बिघडलं तर कशामुळे ते शोधणं अवघड होऊन बसतं.

चौथी पायरी: स्वयंपाक आणि औषध वेगळे धरा

फोडणीतली हळद, आमटीतला लसूण, आठवड्यातून एकदा कारल्याची भाजी याने गोळ्यांचं गणित सहसा बिघडत नाही. बिघडतं ते अर्काने, कॅप्सुलने, रोजच्या ग्लासभर रसाने आणि अचानक सुरू झालेल्या किंवा अचानक थांबलेल्या सवयीने.

थांबण्याकडे कोणाचं लक्ष नसतं. डिसेंबरात मेथीचे लाडू चालू असताना साखर तपासली, छान आली म्हणून गोळीचा डोस कमी झाला. होळीनंतर लाडू संपले, साखर चढली. किंवा उलट. वॉरफरिनचा डोस ठरवताना तुम्ही जे खात होता तेच पुढे सारख्या प्रमाणात खात राहणं जास्त महत्त्वाचं. पालक-मेथीच्या भाजीतलं व्हिटॅमिन के वॉरफरिनचा परिणाम कमी करतं. म्हणून भाजी बंद करायची नाही, रोजचं प्रमाण साधारण तेवढंच ठेवायचं. आमच्या इथला उंधियू-हिरव्या भाज्यांचा मोसम आला की आयएनआर एकदा जास्तीचा करून घ्या.

पाचवी पायरी: पुडीत काय आहे ते कळतंय का?

मांडवीच्या बाजूला ओसडियांच्या (जडीबुटी विकणाऱ्यांच्या) दुकानात सुटं मूळ-साल घेत असाल तर निदान नाव तरी माहीत असतं. डबाबंद औषधावर घटकांची यादी, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत असली पाहिजे. ज्या पोटात घ्यायच्या औषधांत वत्सनाभ, भल्लातक, कुचल्यासारखी विषारी द्रव्यं असतात त्यांवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची सूचना कायद्याने लागते. ती दिसली तर ते स्वतःहून घ्यायचं औषध नव्हे.

भीती वाटते ती नाव नसलेल्या पुड्यांची. सांधेदुखी तीन दिवसांत गायब करणाऱ्या 'देशी' पावडरीत स्टेरॉइड, साखरेच्या पावडरीत सरळ ॲलोपॅथीची गोळी कुटलेली, ताकदीच्या चूर्णात सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध): हे प्रकार तपासणीत वेळोवेळी सापडले आहेत. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या पोटात सिल्डेनाफिल गेलं तर बीपी जीवघेणं कोसळू शकतं. आणि महिनोनमहिने घेतलेल्या पावडरीने तोंड सुजलं, भूक भलतीच वाढली, तर स्टेरॉइडचा संशय घ्या. पण ती एकदम बंद करू नका. अचानक थांबवलं तर शरीर गळून पडतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

सहावी पायरी: एका वेळी एकच, आणि मोजून

विचारून सुरू करायचं ठरलं तर एका वेळी एकच गोष्ट सुरू करा आणि दोन-तीन आठवडे तेवढीच ठेवा. साखरेवर असाल तर पहिल्या आठवड्यात उपाशीपोटी आणि जेवणानंतर जास्त वेळा तपासा. बीपीवाल्यांनी रोज ठरलेल्या वेळी मोजून लिहावं. आयएनआर आठवड्याभरात. टीएसएच मात्र सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी खरं चित्र दिसत नाही. आणि चूर्णाने आकडे सुधारले म्हणून रोजची गोळी स्वतःच अर्धी करायची नाही. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी कमीच पडतं.

सातवी पायरी: दोघांनाही सांगा

डॉक्टर रागावतील म्हणून लोक काढा लपवतात, वैद्य नाराज होतील म्हणून गोळ्या लपवतात. कागद पुढे करा आणि एवढंच म्हणा: "हे मी घेतो, अमुक महिन्यापासून. यातलं गोळ्यांच्या आड काय येतं?" 'घेऊ का?' असं विचारलं की 'नको' हे उत्तर ठरलेलं असतं. 'घेतोय' म्हटलं की विचार होतो. वैद्यांचा सल्ला हवा असेल तर पाणीगेटजवळ सरकारी आयुर्वेद रुग्णालय आहे. तिथे जातानाही स्ट्रिपा बरोबर न्या.

ऑपरेशन ठरलं असेल तर लसूण-हळदीच्या कॅप्सुल, गिंको, जिनसेंग, अश्वगंधा साधारण दोन आठवडे आधी बंद करायचा सल्ला देतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना यादी स्वतः दाखवा, नर्सला सांगितलं म्हणजे पोचलं असं धरू नका. डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने थांबवायची नाही, ते तेच ठरवतील.

काळी शौच, हिरड्यांतून रक्त, आपटल्याशिवाय पडलेले मोठे निळे डाग, डोळे पिवळे आणि लघवी गडद होणं, पाय लुळे पडल्यासारखा अशक्तपणा, ठोके चुकणं, थांबलेली फिट परत येणं: यातलं काही दिसलं तर जडीबुटी लगेच बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. रात्री-बेरात्री सयाजी हॉस्पिटलचा तातडीचा विभाग उघडा असतो. जाताना डबा, पुडी, उरलेला काढा, जे असेल ते पिशवीत घालून न्या.

त्रास निभावल्यावर एक काम उरतं, ते क्वचितच कोणी करतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी सरकारी यंत्रणा आहे, तिचा निःशुल्क क्रमांक 1800-180-3024. रुग्णाला किंवा घरच्यांना स्वतः कळवता येतं, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. जडीबुटीमुळे झाल्याचा संशय असला तरी कळवा. गोळीचं नाव, जडीबुटीचं नाव, दोन्ही कधी सुरू केलं ती तारीख, एवढं हाताशी ठेवा.